टोपण घातलेली सुई

वापरलेल्या सुयांच्या डब्यात एका सुईवर टोपण दिसलं आणि मी हातातलं काम सोडलं.

मुलांनो, लॅबमध्ये रक्त घेतल्यावर सुईवर टोपण परत घालायचं नसतं. घालताना ती बोटात घुसते आणि पेशंटचा आजार आपल्या अंगात येऊ शकतो. सुई उघडीच जाड डब्यात टाकायची.

त्या दुपारी रक्त घ्यायला सोनाली होती. हिमायतनगरची मुलगी; नांदेडला खोली करून राहते. सकाळी लॅब टेक्निशियनचं कॉलेज, दुपारी माझ्या लॅबमध्ये पार्ट-टाइम. ती बेसिनपाशी उभी होती.

"टोचली?"

"न्हाई मॅडम."

"ग्लोव्ह दाखव."

बोटाशी छिद्र होतं. ती रडायलाच लागली. "घरी नका सांगू. बाबा काम सोडायला लावतील. काम सुटलं की कॉलेज बी सुटतंय."

"टोपण का घातलंस? शिकवलं होतं ना?"

"आई शिवणकाम करती. घरात बारकी लेकरं. सुई उघडी दिसली की मार बसायचा. हात आपोआप गेला."

साबणाने हात धुवायला लावला. त्या सुईतलं रक्त धर्माबादच्या एका मिरची व्यापाऱ्याचं होतं. तापासाठी आले होते, नुकतेच गेले होते. त्यांची एचआयव्ही आणि रक्तातून पसरणाऱ्या काविळीची तपासणी हवी होती. संमतीशिवाय ती करता येत नाही. फोन लावला. ते स्टेशनवर होते.

"मॅडम, माझ्यावर शक हाय का?"

"नाही. सुई आमच्या मुलीला टोचलीय."

पलीकडे स्टेशनची घोषणा झाली.

"गाडी लागली बघा," ते म्हणाले. मग, "जाऊ द्या. येतो."

आल्यावर संमतीची सही करून त्यांनी पुन्हा रक्तासाठी हात पुढे केला. "काय गं, माझ्या मिरचीपरीस तुझी सुईच तिखट!" कोणी हसलं नाही.

रिपोर्टची वाट न बघता मी सोनालीला ऑटोने सरकारी दवाखान्यात नेलं. "लई भ्या वाटायलंय मॅडम," एवढंच ती वाटेत बोलली. डॉक्टरांनी लागण टाळणाऱ्या गोळ्या लगेच सुरू केल्या. संध्याकाळी व्यापाऱ्यांचा रिपोर्ट चांगला आला. पण अगदी ताजी लागण कधी कधी तपासणीत दिसत नाही, म्हणून सोनालीचं रक्त पुढेही तपासायचं होतं. तोवर खोलीवर तिने आपलं ताट-पेला वेगळा ठेवला. रक्तातून येणारे हे आजार ताटा-पेल्यातून पसरत नाहीत, हे तिला पाठ होतं. परीक्षेत लिहून आली होती. तरीही.

काही महिन्यांनी शेवटचा रिपोर्ट स्वच्छ आला. मग तिने स्वतःच घरी फोन करून सगळं सांगितलं. वडिलांनी ते ऐकून घेतलं. नंतर विचारलं, "परीक्षा कधी हाय?"

आता लॅबमधल्या नव्या मुलांना सोनालीच शिकवते. पहिला प्रश्न ठरलेला: "घरी शिवणकाम कोण करतं?" ज्याची आई करते, त्याच्या हातावर ती जास्त लक्ष ठेवते.