दोनशेपैकी शून्य

माझं घर लातुरात, नोकरी नांदेडच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. दुधाच्या पिशवीवरची तारीख मी दोनदा वाचतो, म्हणून बायको मला फूड इन्स्पेक्टर म्हणते.

एकदा देगलूरकडच्या बावीस वर्षांच्या मुलीच्या बोनमॅरोच्या स्लाइडा आल्या. रक्ताचा तीव्र कॅन्सर आहे हे साध्या रंगातच दिसलं होतं. कुठल्या जातीचा, ते ठरायचं होतं. त्यासाठी एमपीओ नावाचा रंग करतात. कच्च्या पेशींत तपकिरी कण दिसले तर एक जात, नाही दिसले तर बहुधा दुसरी. दोन्हींची औषधं वेगळी.

मी दोनशे कच्च्या पेशी मोजल्या. तपकिरी शून्य. खात्रीसाठी पुन्हा दोनशे. पुन्हा शून्य. बाहेर बाकावर बसलेल्या तिच्या वडलांना दुपारी रिपोर्ट देतो म्हणून सांगून आलो आणि आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमपुढे कागद जरा रुबाबातच ठेवला.

मॅडमनी मिनिटभर स्लाइड पाहिली. “अहो, पिकलेल्या पांढऱ्या पेशी तरी कुठं रंगल्यात?”

त्या थोड्या असतातच, आणि तपकिरी व्हायलाच हव्यात. एकही झाली नव्हती. म्हणजे रंगच मेला होता. रंगात घालायच्या पेरॉक्साइडच्या बाटलीचं झाकण सैल, वरची तारीख उलटलेली, आणि बाटली माझ्याच ताब्यातली. चारशे पेशी मोजणाऱ्याला तेवढी एक बाटली दिसली नव्हती.

न रंगवलेली स्लाइड एकच उरली होती. ती बिघडली असती तर पोरीच्या कमरेच्या हाडात पुन्हा सुई. नवी बाटली फोडली, आधी स्वतःचं बोट टोचून माझ्याच रक्तावर रंग करून पाहिला; पांढऱ्या पेशी तपकिरी झाल्या. मग तिची स्लाइड घेतली. दोनशेपैकी एकशे चौसष्ट तपकिरी. जात बदलली, औषध बदललं.

रिपोर्ट घेऊन बाहेर आलो. वडील म्हणाले, “साहेब, दुपारी म्हणलात, संध्याकाळ होऊन राहिली.”

“माझ्याकडून चूक झाली होती. रंग पुन्हा करावा लागला.”

“पोरीला पुन्हा सुई टोचावी लागंल का?”

“नाही. जात नक्की कळली. औषध सुरू करता येईल.”

“मग बास.”

पहिल्यांदा किती, दुसऱ्यांदा किती, हे मी आकड्यांसकट सांगायला सुरुवात केली होती. तोवर ते रिपोर्ट घेऊन वॉर्डाकडे निघालेही होते.