पाच लेकरांची बाटली

१४ ऑक्टोबरला सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी माझी खात्री पटली की, गोवराच्या विषाणूला साऱ्या यवतमाळ जिल्ह्यात आमच्या औषधभांडारातल्या काकांइतका निष्ठावान मित्र नाही. घाटंजीजवळच्या आमच्या आरोग्य केंद्रात त्यांची नेमणूक विषाणूचा शत्रू म्हणून झाली होती. काटकसरीच्या भरात ते नकळत पक्ष बदलून बसले होते, इतकेच.

काका कशाचीही नासाडी सहन करत नसत. पट्टीचे दोन तुकडे करत, बर्फाच्या पिशव्यांतले वितळलेले पाणी तुळशीला घालत, लसीच्या फ्रिजची किल्ली जानव्यासारखी गळ्यात वागवत. गोवर निर्मूलनाचे साल पुढे ढकलले गेले, तेव्हा जुन्या फलकावरच्या सालावर त्यांनी कागदाची पट्टी चिकटवली. साल पुन्हा ढकलले गेले, तेव्हा पट्टीवर पट्टी. नवा फलक मागवू म्हटले, तर म्हणाले, "कापड चांगलं हाये मॅडम. कायले खर्च? साल अजून एकडाव बदललं तं?" विज्ञानाच्या पराभवाची एवढी स्वस्त तजवीज मी अन्यत्र पाहिलेली नाही. त्यांच्या तरुणपणी गोवराची एकच मात्रा असे. मग दुसरी आली, मग त्याच सुईत रुबेलाही आला. या साऱ्या प्रगतीकडे ते घरातली खाणारी तोंडे वाढावीत तसे पाहत.

त्यांचे खरे शौर्य मात्र बाटलीपाशी दिसे. एका बाटलीत पाच बालकांची लस असते, आणि तिची भुकटी एकदा द्रावणात कालवली की ती चार तासांत वापरावी लागते. नियम स्वच्छ आहे: एकच मूल आले तरी बाटली उघडा, उरलेली टाकून द्या. काकांचा नियम काळी-पिवळी जीपवाल्यांचा होता. सवाऱ्या भरल्याशिवाय गाडी हलायची नाही. उन्हातून चालत आलेल्या बाईला ते शांतपणे सांगत, "आनखी चौघं घेऊन ये, मंग देतो." ती बाई चौघे आणत नसे. ती स्वतःही परत येत नसे.

त्या सकाळी तांड्यावरची एक बंजारा बाई नऊ महिन्यांची मुलगी घेऊन आली. ऊसतोडीला जाणारा तिचा ट्रक बाराला सुटणार होता. त्यानंतर ते कुटुंब उन्हाळ्यापर्यंत फडात, दाटीच्या खोपटांत राहणार होते. गोवराला याहून सोयीचे घर नाही.

"दादा, सुई देऊन टाका. टरक निंगून जाईन," ती म्हणाली.

"एका पोरीसाठी पाच जनायची बाटली फोडू? उरलेलं काय मी पिऊ?"

"पिऊन घ्या. तुमाले कुटी गोवर होऊन राह्यला आता."

सिस्टर हसल्या. मी हसले नाही, किल्ली मागितली. काकांनी ती गळ्यातून काढली, पण बाटली स्वतःच उघडली. मुलीला सुई मिळाली, रडू फुटले, आई ट्रककडे धावली, आणि आमचे काका केंद्रातून नाहीसे झाले.

तासाभराने घाटंजीच्या बाजाराला निघालेली एक भरलेली जीप आमच्या दारात येऊन थांबली. पुढे चालकाशेजारी काका बसले होते.

"सवारी माही हाये काका," चालक कुरकुरत होता, "तुमी काहून पळवून राह्यले?"

"पाच मिनिटाचं काम हाये बाबू. बाटली फुटली हाये."

जीपमधून तीन आया उतरल्या. तिन्ही मुलांची ही सुई चुकलेली होती. चौथे मूल मिळाले नाही. काका पायरीवर जाऊन बसले आणि वेळ संपेपर्यंत रस्त्याकडे पाहत राहिले. शेवटी उरलेली लस टाकायला सांगितली, तर म्हणाले, "चौथं हाये मॅडम कुटीतरी. आपल्याले सापडलं नाई."

डिसेंबरात काका निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेले गृहस्थ नियमाचे पक्के आहेत. एका बालकासाठीही बाटली निमूट उघडतात, कुणी परत जात नाही. मला हेच हवे होते. काल एक बाई एकुलते मूल घेऊन आली, लस घेऊन गेली. चार तास संपेपर्यंत बाजाराच्या जीपा समोरून जात राहिल्या. त्यांतली एकही आमच्या दारात वळली नाही. संध्याकाळी मी नोंद केली. वापरलेले डोस, एक. वाया गेलेले, चार.