अक्काच्या जीपचा लाँग लाइफ फिल्टर

माझी थोरली बहीण जीप चालवते. शहरात हे वाक्य कुणी कान देऊन ऐकणार नाही, पण चाकूर तालुक्यातल्या तिच्या सासरच्या गावात सुरुवातीला लोक पारावरून उठून बघायला यायचे. दाजी शेती बघतात. अक्का सेकंडहँड घेतलेल्या डिझेल जीपमधून गावातल्या पोरींना रोज लातूरच्या कॉलेजात नेते, तिथंच थांबते आणि दुपारनंतर घेऊन येते. पोरींच्या बापांनी एकच अट घातली होती. "वैनी, तुमी हायेत म्हणून पाठवून राहिलो. पण पोरी रस्त्यावर उभ्या राहिल्या न्हाई पायजेत."

या अटीत काय काय भरलेलं होतं ते अक्काला नीट ठाऊक होतं. गाडी बंद म्हणजे कॉलेज बंद. काही बाप कारण शोधतच बसलेले होते, आणि घरी बसलेल्या पोरीला स्थळं फार लवकर सापडतात. म्हणून अक्का गाडीला इतकं जपायची की तेवढं आपल्याला कधी जपलं नाही, असं दाजी सगळ्यांना सांगत फिरायचे.

तिची अडचण एकच होती, ऑइल बदलायची. सुट्टीच्या दिवशी चाकूरच्या गॅरेजपुढं साऱ्या तालुक्याची वाहनं उभी. अशात कुणीतरी तिला लाँग लाइफ ऑइल फिल्टरबद्दल सांगितलं. नेहमीच्या फिल्टरात साधा कागद असतो, यात जास्त दाट आणि दमदार जाळी असते, हा घाण जास्त धरून ठेवतो, त्यामुळं दुपटीनं चालतो. म्हणजे ऑइलही निम्म्याच वेळा बदलायचं, असा अक्काचा हिशेब. मी नांदेडला नोकरीला, त्यामुळं तो आणायचा हुकूम मलाच आला.

नांदेडात एका मुसलमान कुटुंबाचं स्पेअर पार्ट्सचं जुनं दुकान आहे, आजोबांपासूनचं. मालकांनी दोन्ही फिल्टर माझ्या दोन हातांत ठेवले. "वजन देखो साब," म्हणाले. खरंच लाँग लाइफवाला हाताला भारी लागत होता. मग म्हणाले, "इसके साथ सिंथेटिक ऑइल बी लेके जाव. फिल्टर लंबा चलेगा तो तेल बी उत्ताच लंबा चलना ना." मी तिथूनच अक्काला फोन लावला. ती हसली. "दुकानदार तेल खपवून राहिला रे. आपलं नेहमीचं हाय की. फिल्टर तेवढा आण."

फिल्टर बसवला येळवशीला. मार्गशीर्षातल्या या अमावास्येला लातूर जिल्हा घराला कुलूप घालून शेतात जातो. कडब्याच्या कोपीत पूजा, डाळी-पालेभाज्यांची भज्जी, ताकातली अंबील, आणि दिसेल त्याला जेवायला बोलावणं. त्या दिवशी गॅरेजही बंद, म्हणून जेवणं उरकल्यावर अक्का बांधावरच पोतं अंथरून जीपखाली शिरली. दाजी आणि मी पान्हे देत होतो, बहुतेक वेळा चुकीचे. बाहेर येऊन तिनं नेहमीचंच नवं ऑइल भरलं, हात पुसले आणि जाहीर केलं, "आता पुढच्या येळवशीपर्यंत बघायचं काम न्हाई."

आमच्याकडं किलोमीटर कुणी मोजत नाही. सालगड्याचं साल पाडव्याला संपतं, घरं दसऱ्याआधी सारवली जातात, बैलांचं काय ते पोळ्याला. सणावर बांधलेलं काम विसरत नाही, हा आमचा शेकडो वर्षांचा हिशेब आहे आणि तो बैलांना लागूही पडतो. अक्कानं तोच जीपला लावला. नेहमी पाडव्याला आणि दसऱ्याला ऑइल बदलणारी माझी बहीण त्या वर्षी पाडवा सोडून दसऱ्यालाही फक्त गाडी धुवून, झेंडूचा हार घालून मोकळी झाली.

जीप मात्र लोण्यासारखी चालत होती. रोज सकाळी पट्टी काढून ती ऑइलची पातळी बघायची. पातळी बरोबर असायची. डिझेल गाडीचं ऑइल घातल्या घातल्या काळं होतं, त्यामुळं रंगावरून काही कळायचं नाही.

दसरा होऊन थोडेच दिवस झाले होते. सोयाबीनच्या राशी चालू होत्या, रस्त्याच्या दोन्ही अंगांनी भुसा उडत होता. लातूरला माझं काम होतं म्हणून मी पुढं अक्काशेजारी बसलो होतो. मागं पोरींची परीक्षेची घोकंपट्टी चाललेली. चाकूर मागं पडलं आणि समोर ऑइलचा लाल दिवा लागला. अक्कानं त्याच दमात गाडी कडेला घेऊन चावी फिरवली. समोर हाकेच्या अंतरावर ढाबा दिसत होता. मी म्हणालो, "तेवढं सावलीपर्यंत तरी ने."

"एक पाऊल बी न्हाई," ती म्हणाली. आणि चावी घेऊन खाली उतरली.

पोरी रस्त्यावर उभ्या राहिल्या. अक्का सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन थांबली आणि तिनं हात आडवे करून लातूरची एसटी अडवली. कंडक्टर तोंड सोडणार होता, पण पेपरची वेळ ऐकून त्यानं दार उघडलं. सगळ्या पोरींना आत घालून अक्का स्वतःही चढली आणि मला जीपजवळ ठेवून गेली. तिच्या त्या उभं राहण्याचा मला तिथल्या तिथं इतका अभिमान वाटला की मी बस दिसेनाशी होईपर्यंत बघतच राहिलो.

गॅरेजवाल्यानं जीप ओढून चाकूरला नेली आणि खालची ऑइलची टाकी उघडली. तळाला चिखलासारखा गाळ बसला होता आणि ऑइल ओढून घेणारी जाळी त्यानं बुजली होती. मग त्यानं फिल्टर कापून दाखवला. आतल्या घड्या अजून सरळ, कुठं फाटलेलं नाही, दबलेलं नाही. फिल्टरनं आपलं काम चोख केलं होतं. म्हातारं झालं होतं ते ऑइल, आणि त्याला कुठलाही फिल्टर तरुण करू शकत नाही. दिवा लागताच चावी फिरवली म्हणून इंजिन वाचलं होतं.

संध्याकाळी पोरींना घेऊन अक्का बसनं परतली. मी तिला सगळं सांगितलं आणि वर सल्लाही दिला, "पंक्चर झालं म्हण. पंक्चर कुणाचंही होतं."

"मग दोष खिळ्यावर जाईल," ती म्हणाली. "हे माझ्यावर हाय."

आणि खरंच ती मला बरोबर घेऊन घरोघरी गेली. प्रत्येक उंबऱ्यापाशी उभं राहून सांगितलं, फिल्टर चांगला होता, तेल मी बदललं नाही, पोरी माझ्यामुळं रस्त्यावर उभ्या राहिल्या. बहुतेकांनी चहा पुढं केला. एका घरी मात्र बाप सोयाबीनच्या पोत्यांवर बसून होता. त्यानं सारं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "लई झालं वैनी. आता पोरगी घरीच ऱ्हाईल." परतताना अक्का चालता चालता रडली. मला त्या माणसाचा भयंकर राग आला होता. पण तिच्यापुढं मी तो गिळला.

जीप गॅरेजात होती तोवर अक्का रोज एसटीनं पोरींबरोबर गेली आणि आली, ती एक पोरगी सोडून. मी नांदेडहून सिंथेटिक ऑइल आणणार होतो, तर तिनं फिल्टरही पुन्हा तोच आणायला सांगितलं. मी चिडलो. "परत हाच?"

"त्याचं काय चुकलं?"

तिचं बरोबर होतं. रोज लांबचा पल्ला, त्याच्या जोडीचं ऑइल, आणि आमच्याकडच्या धुळीत डब्यावर लिहिलेल्या मुदतीच्या बरंच आधी दोन्ही बदलायची तयारी असेल, तर या फिल्टरसारखा सोबती नाही. माझी गाडी नांदेडात भाजी मंडईपर्यंत जाते आणि परत येते. तिला मी साधाच फिल्टर घालतो आणि वेळच्या वेळी बदलतो. तिला भारीतला घालणं म्हणजे नुसती हौस.

जीप गॅरेजातून आल्यावरच्या पहिल्या सकाळी मी बरोबर होतो. पोरी बसल्या, एक जागा रिकामी राहिली. अक्कानं जीप त्या बापाच्या दारात नेऊन उभी केली. तो अंगणात दात घासत होता.

"झाली का नीट?"

"झाली."

"आता न्हाई बंद पडणार?"

मला वाटलं, म्हण की नाही म्हणून, काय जातं! अक्का म्हणाली, "पडंल की भाऊजी, यंत्र हाय. गाडी बंद पडली तरी पोर कॉलेजात जाईल आन् घरी येईल. तेवढंच सांगू शकते मी."

त्यानं चूळ भरून थुंकली. मग घराकडं तोंड करून ओरडला, "अगं, डबा भर पोरीचा!"

"भरलेलाच हाय," आतून तिची आई म्हणाली. "रोजच भरून राहिले मी."