तोंड भरून कौतुक

आयर्लंडमधल्या ट्रली गावच्या बाजारात, औषधाच्या दुकानामागच्या गल्लीत निशिगंधाचं शिवणाचं दुकान आहे. दुकान कसलं, एक खोली, दोन मशिनं आणि खिडकीत टांगलेले पांढरे फ्रॉक. मे महिन्यात चर्चमध्ये लहान मुलींचं पहिलं कम्युनियन, म्हणजे पहिल्यांदा प्रसाद घेण्याचा विधी असतो, तेव्हा अर्ध्या केरी परगण्यातल्या आया तिच्याकडे फ्रॉक घेऊन येतात. फ्रॉक असा बेतशीर बसतो की बरोबर आलेल्या आजीचे डोळे भरून येतात. आणि निशिगंधा चष्म्यावरून बघत म्हणते, "बरा झालाय. खांद्यात अजून जमायला हवा होता." मग आजी घाईघाईनं म्हणते, छे गं, किती सुरेख झालाय. तेव्हा कुठे बाईंचा चेहरा जरा खुलतो.

हा स्वभाव तिच्याबरोबर सांगलीहून आला. नवरा विद्याधर इथल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ म्हणून लागला आणि ही बी.कॉम. झालेली बाई लहानग्या पूर्वाला कडेवर घेऊन त्याच्यामागून आली. तेव्हा तिच्या व्हिसावर नोकरीची परवानगी नव्हती. नुसतं बसून राहणं हिच्या रक्तात नाही, म्हणून शेजारणींचे पडदे तिनं हौसेनं शिवून दिले आणि परवानगी हातात पडताच दुकान थाटलं. सगळं स्वतःच्या हिमतीवर. पण ते तिच्या तोंडून ऐकायला मिळेल अशी आशा कुणी ठेवू नये. आपल्या हातच्या वस्तूला आणि आपल्या पोटच्या पोरीला आपण चांगलं म्हणायचं नाही, हा तिच्या घरचा रिवाज. आपण थोडी नावं ठेवायची, समोरच्यानं ती खोडून काढायची. कौतुकही होतं आणि नजरही लागत नाही.

पूर्वाच्या वाट्याला तर नावंच नावं आली. पोरगी शाळेत गेलिक फुटबॉल, म्हणजे इथला हातानं झेलायचा आणि पायानं मारायचा फुटबॉल, खेळायला लागली, क्लबात गेली, पुढे केरीच्या बायकांच्या टीममध्ये पोचली. प्रत्येक विजयानंतर घरी आली की आई म्हणायची, "बूट बाहेर काढ. आणि शेवटी तो चेंडू कुणाला दिलास, वाऱ्याला?" पोरगी अंघोळीला गेली की हीच आई तिच्या जर्सीवरून मीठमोहरी उतरवून टाकायची. ते पूर्वानं कधी पाहिलं नव्हतं. तिला फक्त वाऱ्याला दिलेला चेंडू ऐकू यायचा.

अशात ऑस्ट्रेलियाची बातमी आली. तिकडे बायकांची एक नवी फुटबॉल टीम उभी राहत होती, पूर्ण व्यावसायिक, करार आणि पगारासकट. त्यांचा खेळ त्यांचाच. मैदान लंबगोल, चेंडूही लंबगोल, आणि टप्पा पडला की तो कुठे उडेल ते देवालाच ठाऊक. पण उंच उडी मारून चेंडू झेलणं, पळतापळता लांब किक मारणं, हे केरीच्या मुलींना चालायला येण्याच्या आधीपासून येतं म्हणतात. म्हणून टीम बांधणारी शेरिल नावाची बाई आयर्लंडभर फिरत होती. तिनं ट्रलीत पूर्वाचा खेळ पाहिला आणि क्लबच्या कोचला, नोराला, सांगितलं की एक जागा हिच्यासाठी धरली आहे. फक्त घरी जाऊन आईवडिलांना भेटायचं राहिलंय.

पूर्वाचा आनंद घरात मावेना. कुठूनसा एक लंबगोल चेंडू आणून ती बॅना बीचवर रोज सकाळी पळायला लागली. चेंडू टप्पा पडून भलतीकडे जायचा, ही त्याच्यामागे, आणि दूर गाडीत बसलेली आई काचेवरचं धुकं बाहीनं पुसत बघत असायची. विचारलं तर म्हणायची, हवा खायला आले होते.

शेरिल आली त्या दिवशी निशिगंधानं पोहे केले, ओलं खोबरं नव्हतं म्हणून सुक्यावर भागवलं, आणि त्याबद्दल दोनदा माफी मागितली. शेरिलनं पोहे चापले, मग पुढे वाकून विचारलं, "तुमची मुलगी कशी आहे, ते मला तुमच्याकडून ऐकायचंय."

आता हा प्रश्न सांगलीत विचारा नाहीतर ट्रलीत, निशिगंधाचं उत्तर ठरलेलं. "विशेष काही नाही. घरात कामाला हात लावत नाही. राग नाकावर. डावा पाय कच्चा आहे, हे तुम्ही पाहिलंच असेल."

एवढं बोलून ती थांबली. आता शेरिलनं म्हणायला हवं होतं, अहो काहीतरीच काय, किती गुणी पोर आहे. शेरिलनं मात्र गंभीरपणे मान डोलावली. निशिगंधाला वाटलं, पाहुणीला पुरेशी संधी मिळाली नसेल, म्हणून तिनं आणखी भर घातली. "अभ्यासात बरी होती, खेळानं तेही गेलं. परदेशात एकटी राहील असं काही मला वाटत नाही." विद्याधरला वाटलं आपणही रीतीप्रमाणे वागावं. तोही म्हणाला, हो, जरा आळशीच आहे. पूर्वा कपाटातून कप काढत होती. तिनं ते टेबलावर ठेवले आणि वर गेली.

पुढच्या सोमवारी नोरा दुकानात आली. ही निवृत्त शिक्षिका, बोलताना आडपडदा नाही. "निशा, तू त्या बाईला सांगितलंस तरी काय?" ती म्हणाली. "मैदानावरच्या पूर्वाबद्दल तिला काडीची शंका नाही. पण तिचं म्हणणं, घरचेच पाठीशी नाहीत. नवी टीम आहे, घरची आठवण येऊन अर्ध्यातून परतणारी मुलगी तिला परवडणार नाही. आज ती एनिस गावाला दुसऱ्या मुलीच्या घरी गेलीय. उद्या सकाळी तिथूनच निघणार."

"अगं पण मी आपलं बोलायचं म्हणून बोलले," निशिगंधा म्हणाली. "तू असतीस तर लगेच 'छे, काहीतरीच' म्हणाली असतीस."

"मी असते तर म्हणालेच असते. आम्हीही आमच्या पोरांना तोंडावर चांगलं म्हणत नाही. पण ती बाई ऑस्ट्रेलियाची आहे. तिला जे सांगाल ते ती खरं धरते."

दुकान बंद करून निशिगंधा घरी गेली तर पूर्वा बॅगेतून लंबगोल चेंडू काढून त्यातली हवा सोडत होती. तिला क्लबातून सगळं कळलं होतं.

"पूर्वा, मला तसं म्हणायचं नव्हतं गं."

"इट्स फाइन, आई," पूर्वा म्हणाली. आवाजात राग नव्हता, हेच वाईट. "यू सेड व्हॉट यू थिंक. यू ऑलवेज हॅव."

निशिगंधाला रडू आलं असतं, पण तेवढा वेळ नव्हता. एवढी वर्षं आपण पोरीला नजरेपासून जपत होतो, आणि पोरगी समजत होती की आईला आपल्यात काही दिसतच नाही. तिला स्वतःचा भयंकर राग आला. नाकावर राग असणारी घरात कोण आहे, ते त्या दिवशी पूर्वालाही दिसलं. "गाडीत बस," निशिगंधा म्हणाली. "आपण एनिसला चाललोय."

ऐन कम्युनियनच्या दिवसांत दुकानाला कुलूप लावून बाई निघाली. टार्बर्टला शॅनन नदी ओलांडायला दोघी गाडीसकट बोटीत चढल्या. पूर्वा डेकवर उभी राहून पाण्याकडे बघत होती. निशिगंधा गाडीतच बसून पुटपुटत होती. इंग्रजी तिला चांगलं येत होतं, अडचण इंग्रजीची नव्हतीच. आपल्या पोरीची स्तुती तिनं कुठल्याच भाषेत कधी केली नव्हती.

नोरानं सांगितलेल्या एनिसच्या हॉटेलात शेरिल चहा पीत बसली होती. निशिगंधा समोरच्या खुर्चीत बसली, पूर्वाला शेजारी बसवलं, आणि थेट सुरुवात केली.

"त्या दिवशी मी जे बोलले ते आमच्याकडची रीत म्हणून. आपल्या मुलांचं कौतुक दुसऱ्यांनी करायचं, असं आम्ही मानतो. तुम्ही ते करायच्या ऐवजी ऐकून घेतलंत. चूक माझी. आता खरं सांगते."

शेरिलनं कप खाली ठेवला.

"हिला लहानपणी एकदा टीममधून काढलं. कारण डावा पाय. पूर्ण हिवाळा ही आमच्या मागच्या भिंतीवर डाव्या पायानं चेंडू मारत होती. शेजारी तक्रार करायला आले, तर त्यांनाच गोलकीपर करून ठेवलं. आज तिचा डावा पाय कच्चा नाही. मी खोटं बोलले." निशिगंधा आता थांबणारी नव्हती. "सामना हरल्या की बाकीच्या मुली रडतात. ही त्यांच्या बॅगा उचलून बसमध्ये ठेवते आणि घरी येऊन एकटी रडते. मला ते कळत नाही, असं तिला वाटतं. मी हिचा एकही सामना चुकवलेला नाही. तिला कुणी पाडलं की मला बघवत नाही, म्हणून गाडीत बसते. एकटी राहणार नाही, असंही मी म्हणाले ना? ही चार वर्षांची असताना इथल्या शाळेत गेली, इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. मी गेटवर रडत होते. हिनं मला टाटा केला आणि आत गेली. घाबरट मी आहे. ही नाही. मला हिचा अभिमान वाटतो, इतका की बोलायची भीती वाटते."

पूर्वा मान खाली घालून बसली होती आणि तिच्या नाकाच्या शेंड्यावरून पाणी टपकत होतं. तिनं ते पुसलंही नाही.

"बास, मला कळलं," शेरिल म्हणाली. "एवढंच हवं होतं. जागा पूर्वाची. जूनमध्ये निघायची तयारी कर." तिनं करारासंबंधी काही सांगायला तोंड उघडलं.

"सॉरी, शेरिल," पूर्वा मधेच म्हणाली. ती शेरिलकडे बघतही नव्हती, तिची नजर आईवर होती. "आय वॉन्ट दॅट जॉब मोर दॅन एनिथिंग. बट वुड यू लेट हर फिनिश?"

शेरिल हसली आणि मागे टेकून बसली. निशिगंधानं खुर्ची जरा पुढे ओढली, आणि शाळेच्या गेटनंतर काय झालं ते सांगायला लागली.