नऊ इंच

परवा गंगापूर रोडवरून चालत येत होतो. एका इमारतीच्या गच्चीवर नवा जाहिरात फलक चढवण्याचे काम चालू होते... माझी नजर फलकाकडे जाण्याआधी कठड्याकडे गेली. ही सवय जुनी आहे, आणि ती मला का लागली हे आजवर कोणाला सांगितलेले नाही.

ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध. बी.कॉम. होऊन मी याच रस्त्यावर एका करसल्लागारांकडे नुकताच लागलो होतो. समोर राजाराम काकांचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते आणि त्याच्या गच्चीवर पत्र्याची लाल अक्षरे... ‘मिलिंद रेडिओ’.

मिलिंद म्हणजे काकांचा एकुलता मुलगा, माझा शाळेतला मित्र. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात वेल्डिंगची कामे करायचा. स्वतःच्या नावाची ती अक्षरे त्यानेच कापली, जोडली आणि वर चढवली. पुढच्याच वर्षी तो काविळीने गेला.

त्यानंतर काका रोज सकाळी शटर उघडण्याआधी रस्ता ओलांडून आमच्या बाजूला येत, मिनिटभर वर पाहत आणि परत जात. आम्ही कोणी त्या मिनिटात त्यांना हाक मारत नसू.

त्या वर्षी पालिकेने फलकांचा जुनाच नियम परिपत्रक काढून पुन्हा कळवला. गच्चीवरच्या फलकांची उंची दुकानदारांनी स्वतः मोजावी आणि सात फुटांपेक्षा उंच फलक पंधरा दिवसांत उतरवावेत. ‘बीकॉमला बोलवा रे, तो वजाबाकीसुद्धा दोनदा करतो,’ शेजारचे टेलर हसून म्हणाले, आणि सगळ्या ओळीचे मोजमाप माझ्याकडे आले. खरे सांगतो, मला त्याचा अभिमान वाटला होता.

काकांचा फलक मी स्लॅबपासून तीन वेळा मोजला. तिन्ही वेळा सात फूट नऊ इंच.

“काका, नऊ इंच जास्त भरतंय.”

“परत बघ की. मिल्या दोन दिवस टेप घेऊन बसला होता. म्हणाला, बाबा, नियमात बसतंय.”

“तीनदा मोजलं, काका.”

त्यांनी टेपवरच्या त्या खुणेवर बोट ठेवले. मग हळूच म्हणाले, “म्हणजे मिल्या चुकला.”

अजून पंधरा दिवस आहेत, अर्ज करून पाहू, असे मी सुचवले. त्यांनी मान हलवली. “नको. पोराच्या नावावर नोटीस नको यायला.”

दुसऱ्याच दिवशी त्यांनी फलक उतरवला. सांधे आतून गंजले होते... खाली घेताना तीन अक्षरे फाटली.

सोमवारी मी सगळ्या ओळीची यादी घेऊन पालिकेत गेलो. तिथल्या वयस्कर बाईंनी माझ्या नोंदी वाचल्या आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. “आकडे सुरेख लिहिलेत. मागची बाजू वाचलीत का?”

परिपत्रकाचा कागद पाठपोट छापलेला होता. पुढची बाजू मी शेवटच्या स्वल्पविरामापर्यंत वाचली होती. मागे, पुसट शाईत, अपवाद होता... फलकावर त्याच इमारतीतल्या दुकानाचे नाव असेल, तर उंची स्लॅबपासून नव्हे, कठड्याच्या माथ्यापासून मोजावी.

कठडा तीन फुटांचा होता. म्हणजे फलक चार फूट नऊ इंच. मिलिंद नियमात बसत होता, वर सव्वादोन फूट शिल्लक ठेवून.

मी तसाच सायकलवरून काकांच्या दुकानात गेलो. अक्षरे गोणपाटात गुंडाळून भिंतीशी उभी होती. मी सगळे सांगितले. चूक माझी आहे, फलक पुन्हा चढवू, वेल्डर मी आणतो, असेही म्हणालो.

“आणशील रे. पण दुसऱ्याचा हात लागला की ते मिल्याचं काम राहील का?”

त्यांनी माझ्या हातातला कागद मागितला, पण चष्मा सापडेना म्हणून परत माझ्याकडे दिला. “मागचं वाच. मोठ्यानं.”

मी वाचले. त्यांनी पुन्हा वाचायला लावले. मग त्यांचा चेहरा सैल झाला... गेल्या आठवडाभरात प्रथमच.

“म्हणजे मिल्या चुकला नव्हता.”

“नाही, काका. मी चुकलो.”

“बस मग. चहा सांगतो.”

ते रागावले असते तर मला सोपे गेले असते. तो चहा मी कसा संपवला ते आठवत नाही.

फलक पुन्हा गच्चीवर गेला नाही. काकांनी ती अक्षरे, फाटली होती तशीच, दुकानात आतल्या भिंतीवर लावली. सकाळी रस्ता ओलांडून येणे मात्र थांबले. आज काका नाहीत, दुकानही नाही.

अचूकपणाबद्दल लोक आजही माझे कौतुक करतात. मी ते ऐकून घेतो, आणि हातातला कागद उलटून पाहतो. ज्यांनी मला एका शब्दानेही दुखावले नाही, त्या काकांचे ऋण मला याहून वेगळ्या रीतीने मानता आलेले नाही.