ब्लोअरचा बाण

गौराबाईंना लोखंड ओतायच्या फौंड्रीत सगळे गौराक्का म्हणत. लग्न होऊन सीमेकडच्या गावातून कोल्हापुरात आल्या आणि एकोणीस वर्षं त्या एकाच शेडमध्ये कोअर करत बसल्या. कोअर म्हणजे तेलात कालवून भाजलेला वाळूचा गाभा. लोखंडात जिथं पोकळी हवी, तिथं तो साच्यात बसवायचा. काम बायकांचं, म्हणून कुणाच्या खिजगणतीत नाही. पण गौराबाईंची जागा ब्लोअरशेजारी होती. भट्टीला वारा देणारा तो पंखा एकोणीस वर्षं त्यांच्या डाव्या कानाशी गरजत होता.

भट्टीच्या दिवशी त्या कपाळाला विभूती लावून येत आणि ब्लोअर चालू झाला की त्याच्या तोंडाशी उदबत्ती धरत. धूर सरळ रेषेत आत खेचला गेला, की ती खोचून कामाला लागत. पोरं हसायची. हसू देत.

दोन हजार सहा साली भारनियमनानं उद्यमनगरातल्या कारखान्यांचा जीव नकोसा केला. एकदा भट्टी भरात असताना वीज गेली, वारा थांबला आणि अर्धवट वितळलेलं लोखंड आतच थिजलं; भट्टी बसली. चार दिवस घण घालून भट्टी फोडली. मालक शशिधरनं मग एक घाव दोन तुकडे केले. मागच्या प्लॉटवर गणपतराव नावाच्या माणसानं मोठा जनरेटर बसवून आठ-दहा कारखान्यांना लाईन द्यायला सुरुवात केली होती. ती लाईन शशिधरनं घेतली.

पहिल्या भट्टीच्या सकाळी त्यानं सगळ्यांना ऐकवलं, "पुण्याच्या पार्टीनं शेवटची संधी दिलीया. आज भट्टी बसली तर मी कुलूप लावून गावाकडं जाणार. मग काय करायचं त्ये तुमचं तुम्ही बघा."

गणपतरावांचा वायरमन सयाजी तारा जोडून हात झटकत उभा होता. भट्टीवाल्या कृष्णातनं कोळसा पेटवला, वर लोखंडाचे तुकडे चढवले आणि दुपारी बाराला हिरवं बटण दाबलं. ब्लोअर फिरला. कुणीतरी नारळ फोडला.

गौराबाईंनी उदबत्ती धरली. धूर ब्लोअरकडे गेला खरा, पण रमतगमत. काही आत, काही त्यांच्याच तोंडावर. आणि आवाज! एरवी गरजणारा ब्लोअर आज नुसता पुटपुटत होता.

"कृष्णात, वारा न्हाय रं ह्यात."

"अक्का, फिरतोय की! दिसत न्हाय व्हय?"

"फिरतोय, पण वढत न्हाय."

सयाजी हसला. "मावशी, नव्या लाईनचा आवाज असाच असतोय. तुमी कोअर करा."

पाच मिनिटं गेली. आठ गेली. एव्हाना भट्टीच्या काचेतून लोखंडाचे पांढरे थेंब टपकताना दिसायला हवे होते. कृष्णातनं डोळा लावला. आत नुसता तांबडा उजेड होता.

"ब्लोअर बंद कर," गौराबाई म्हणाल्या.

"येडी का खुळी? वारा बंद केला तर भट्टी बसंल!"

"आत्ता तरी कुठं उठलीया?"

शशिधर ओरडला, "अक्का, लायटीतलं तुला काय कळतंय? जाग्यावर जा!"

जाग्यावर जाणं सोपं होतं. भट्टी बसली असती तरी बोट त्यांच्याकडे कुणी दाखवलं नसतं. पण त्यांनी ब्लोअर बंद केल्यावर बसली, तर कुलपाचा दोष जन्मभर त्यांच्या माथी.

त्यांनी पदराचा बोळा केला आणि ब्लोअरच्या पाठीवरची काजळी खसाखसा पुसली. खाली लाल रंगाचा बाण निघाला, दाराकडे तोंड केलेला. दर खंडेनवमीला कुंकू लावायला त्याच तर तो पुसायच्या. मग कुणाला विचारत बसल्या नाहीत. सरळ जाऊन लाल बटण दाबलं.

कृष्णात शिव्या घालत धावला आणि आत वायू कोंडू नये म्हणून त्यानं वाऱ्याच्या वाटेवरची झाकणं उघडली.

"आता चाकाकडं बघा," गौराबाई म्हणाल्या.

वेगात नुसतं धूसर दिसणारं ब्लोअरचं चाक मंदावलं आणि दोन फेऱ्या सावकाश घेऊन थांबलं. भिंतीकडे फिरत. बाण दाराकडे.

सयाजीचा चेहरा पडला. "फेज उलटा लागलाय," तो पुटपुटला. तीन तारांतल्या दोन अदलाबदल झाल्या, की मोटर उलटी फिरते. वारा तेव्हाही येतो, पण फुंकर घातल्यासारखा.

"बोलू नगंस, बदल!" शशिधरचा आवाज फाटला होता.

मेन स्विच पाडून सयाजीनं तारा सोडवल्या. एक स्क्रू त्याच्या हातून निसटला, तो वाळूत शोधायला अर्धं मिनिट गेलं. कृष्णात काचेपासून हलला नाही. आतला तांबडा रंग काळवंडत चालला होता.

झाकणं लागली. पुन्हा हिरवं बटण. ब्लोअर असा गरजला की पत्रा थरथरला. उदबत्तीचा धूर दोऱ्यासारखा ताणून आत गेला.

तरी लोखंड येईना. चार मिनिटं. सात. शशिधर खाली मान घालून उभा. दहाव्या मिनिटाला कृष्णातचा आवाज चिरकला, "टपाकलं! मालक, टपाकलं की!"

संध्याकाळी शेवटचा साचा भरल्यावर शशिधर कोअरच्या बाकड्याशी आला. माफी मागणं त्याच्या रक्तात नव्हतं. म्हणाला, "अक्का, हितनं पुढं भट्टीच्या दिवशी बटण तूच दाबायचं."

गौराबाईंनी हातावरची वाळू झटकली.

"बटण कुणीबी दाबा की. आदी बाण पुसत जावा."