आत्याच्या गाठीचा तुकडा

माझी थोरली आत्या सोनपेठची. तिची सारी उमर अंगणवाडी सेविका म्हणून गेली. शौचातून रक्त जायचं, पण मूळव्याध असेल म्हणून तिनं कितीतरी महिने कुणाला सांगितलं नाही. एक दिवस चक्कर येऊन पडली, तेव्हा मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली.

मी तेव्हा याच रोगावर संशोधन करत होते. गाठीतल्या सगळ्या पेशी सारख्या नसतात. काही थोड्या पेशी औषधाला दाद देत नाहीत आणि गाठ पुन्हा उभी करतात, असं मानतात. त्यांना कॅन्सरच्या मूळपेशी म्हणतात. त्यांची ओळख पटवणारी, त्यांच्यावरची प्रथिनं रंगवून बघायची, हे माझं काम. आमच्याकडं तुकडे नुसत्या नंबरानं येत.

"तुझी गाठ आमच्याकडं तपासू का?" मी आत्याला विचारलं.

"काढून टाकली की आता. काय करायचं ते कर," म्हणत तिनं संमतीच्या कागदावर सही केली.

आत्याचा नंबर मात्र मला माहीत होता. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या तुकड्याची काच ठेवली, तर जिकडं तिकडं तपकिरी रंग. म्हणजे त्या पेशींची खूण भरपूर. याआधी अशा कितीतरी काचांची नोंद करून मी निवांत चहाला गेले होते. त्या दिवशी काचेवरचा नंबर पुन्हा पुन्हा ताडून बघितला.

पुढच्या खेपेला सोनपेठला गेले, तेव्हा केमोमुळं थंड पाण्याला हात लावला की तिच्या बोटांना मुंग्या येत होत्या. मी भांडी घासत होते. ती मागं येऊन उभी राहिली.

"त्या तुकड्याचं काय निघालं गं?"

"काम चालू आहे अजून."

"खोटं बोलायलीस. लेकराचं वजन कमी भरलं की आया अशाच खाली बघायच्या."

मग मी सांगितलं. ही खूण जास्त असली तर रोग परत येण्याची शक्यता वाढते, असं काही अभ्यासांत दिसलंय, सगळ्यांत नाही. "पण ते पुष्कळ लोकांचं मिळून असतं, आत्या. तुझ्या एकटीचं काय होईल, ते मला काचेवरून सांगता येत न्हाई."

"मग कुनाला येतंय?"

"कुणालाच न्हाई."

"आन् हे एवढे दिवस एकटीच घेऊन बसलीस व्हय?" तिनं माझे ओले हात धरले. मी रडले, ती नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "हे घरान्यात येतंय का? तुझ्या बापाला आधी दाखव."

बाबा ऐकेनात. "मला काय झालंय?" एवढंच त्यांचं. शेवटी आत्या एसटीनं आमच्या घरी, पिंगळीला आली. "तू तपासून येईस्तोवर मी जेवनार न्हाई," म्हणाली आणि खरंच ताट सरकवलं. दुर्बिणीच्या तपासणीत बाबांच्या आतड्यात एक कोंब, म्हणजे पॉलिप, सापडला. त्याचा कॅन्सर झाला नव्हता. तिथंच काढला.

तिसऱ्या वर्षी आत्याच्या यकृतावर डाग दिसला. पुन्हा ऑपरेशन. आता ती बरीच वाळलीय, बाजारापर्यंत चाललं तरी दमते. तपासणीला बाबाच तिला घेऊन जातात. परवाचा रिपोर्ट अजून यायचाय.